कोकम सरबत प्यालेली गाडी

चंदू पाताडेच्या पिकअपचं हेड मी फोडलं. आज हे वाक्य मी इतक्या सहज लिहितोय खरा, पण तोंडातून बाहेर काढायला मला पुरा एक दिवस लागला. तेही संघमित्राताई समोर होत्या म्हणून. त्यांच्यासमोर भलेभले ट्रकवाले खरं बोलून जातात. मी तर विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला साधा कारकून.

हेड म्हणजे काय, हे त्या आठवड्यापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. इंजिनाच्या डोक्यावर बोल्टांनी आवळून बसवलेला एक जाडजूड लोखंडी ठोकळा असतो. खाली सारखे स्फोट चाललेले, वरून हा त्यांना दाबून धरणार, आणि याच्या पोटातल्या अरुंद वाटांमधून पाणी फिरत राहणार, म्हणजे कोणाचं डोकं तापायला नको. एकत्र कुटुंबातली थोरली सून जे काम करते, तेच.

चंदू हा माझा भोईवाड्यातल्या चाळीतला शेजारी. त्याची बेंजो पार्टी आहे. जुन्या डिझेल पिकअपवर लोखंडी सांगाडा, सांगाड्यात सहा स्पीकर, मागे जनरेटर, मध्ये दोघे ढोलकीवाले आणि पुढे गळ्यात बेंजो अडकवलेला चंदू. गेली बावीस वर्षं त्याने परळ-लालबागच्या पोरांच्या वराती वाजवल्या. आता येत्या रविवारी त्याच्या स्वतःच्या मुलाची, मयूरची वरात होती. मुहूर्त असा दणदणीत, की मुंबईतली प्रत्येक बेंजो पार्टी आणि प्रत्येक टेम्पो दिवाळीपासून बुक. त्यातून कोणी गाडी दिलीच असती, तरी चंदूने ती घेतली नसती. "लोकांची पोरं माझ्या गाडीवर नेली, आणि माझा पोरगा भाड्याच्या गाडीमागून जाणार? हट्!"

तर गुरुवारी दुपारी चंदूने वरातीची रंगीत तालीम काढली. चाळीच्या वळणावर कोणाची तरी स्कूटर आडवी होती. इंजिन चालूच ठेवून तो तिचा मालक शोधायला उतरला आणि जाताना मला म्हणाला, "जरा गाडीकडे बघ रे."

बघ म्हणजे नुसतं बघ, हे त्याने सांगायला हवं होतं.

दोनच मिनिटांत बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी घाबरलो. बॉनेट उघडलं, पंचा गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं, तर गरम पाण्याचा फवारा माझ्या कानाजवळून सणसणत वर गेला. पाणी! पाणी पाहिजे! मांडवाच्या खांबाजवळ एक कळशी दिसली. उचलली आणि इंजिन सुरू असतानाच भडाभडा ओतली. अर्धी ओतून झाल्यावर बर्फाचे खडे टणाटण उडायला लागले आणि ओघळ गुलाबी दिसला. चंदूच्या आईने, रमाबाईंनी, तालमीच्या पोरांसाठी केलेलं ते कोकम सरबत होतं.

आतून "टक्" असा आवाज आला. बोट मोडल्यासारखा. मग मागच्या नळीतून पांढरा धूर, आणि मग शांतता.

मी झाकण लावलं, कळशी विसळून नळाखाली ठेवली आणि चंदू आल्यावर म्हणालो, "काय माहीत बाबा. उभ्या उभ्या गेली."

वरून रमाबाई विचारत होत्या, "सरबत खंय गेला रे? कळशी भरलेली व्हती!" संशय ढोलकीवाल्यांवर गेला. ढोलकीवाल्यांचा इतिहास असा, की त्यांनी स्वतःही स्वतःवर संशय घेतला.

शुक्रवारी सकाळी गाडी ओढत ओढत डिलाईल रोडजवळच्या 'गमरे हेड वर्क्स'समोर आली. मी बरोबर होतो. गुन्हेगार घटनास्थळी परत येतो म्हणतात, मी तर घटनास्थळाला मागून ढकलत आणलं.

संघमित्रा गमरे. वय पंचेचाळीसच्या आसपास, पंजाबी ड्रेसवर जाड खाकी ॲप्रन, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांचे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तसा त्यांनी हा गाळा घेतला आणि डिझेल गाड्यांची हेडं दुरुस्त करायला लागले. दोन भाऊ शिकून पनवेल आणि पुण्याला गेले. संघमित्रा रोज दुपारी वडिलांचा डबा घेऊन यायची. ते जेवत असताना नुसतं बसायचं कशाला, म्हणून ती बोल्ट धुवायची. मग मोजायला लागली, मग लावायला लागली. एक दिवस वडील जेवून उठले तर हेड बसवून तयार. त्यांनी सगळे बोल्ट तपासले, एकही सैल मिळाला नाही. तेव्हा म्हणाले म्हणे, "उद्यापासून डबा तुझाही आण."

अजूनही नवीन ड्रायव्हर येतो, गाळ्यात डोकावतो आणि विचारतो, "शेठ आहेत का?" ताई म्हणतात, "बोला." तो पुन्हा विचारतो, "नाही, मेकॅनिक?" ताई पुन्हा म्हणतात, "बोला." तिसऱ्यांदा विचारणारा अजून जन्मायचाय. त्यांचे यजमान बसकंडक्टर. म्हणजे घरात दिवसभर 'पुढे चला' म्हणणारा नवरा आणि दिवसभर 'थांबा, आधी बघू द्या' म्हणणारी बायको. संसार उत्तम चाललाय.

ताईंनी चंदूला विचारलं, "काय झालं?"

"काही नाही ताई. उभ्या उभ्या गेली." माझंच खोटं तो बिचारा इमानाने सांगत होता.

"हेड आपोआप फुटत नाही, चंदूभाऊ. कोणीतरी फोडतं किंवा कशाने तरी फुटतं. कशाने ते कळल्याशिवाय मी नवं बसवत नाही. पाण्याचा पंप गेला असेल, रेडिएटर चोंदला असेल, तर नवं हेडही आठवड्यात जाईल. सगळं उतरवून तपासावं लागेल."

"किती वेळ?"

"सोमवार संध्याकाळ."

चंदू पायरीवर बसला. रविवारी वाजवणारा माणूस सोमवार ऐकून जसा बसेल तसा. "ताई, रविवारी पोराची वरात आहे माझ्या," एवढंच म्हणाला. मी छताला टांगलेला पंखा बारकाईने बघायला लागलो.

ताईंनी रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट घातलं. बोट गुलाबी.

"कूलंट आहे ते," चंदू म्हणाला. "गुलाबी पण येतं हल्ली."

ताईंनी बोट नाकाशी नेलं. मग बंपरकडे बघितलं. बंपरवरून मुंग्यांची एक रांग शिस्तीत वर चढत होती, अगदी प्रसादाच्या रांगेसारखी.

"कूलंटमध्ये जिरं घालत नाहीत," ताई म्हणाल्या आणि चष्मा लावून थेट माझ्याकडे वळल्या. त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. मी आपला घडाघडा बोलत सुटलो. वाफ, पंचा, कळशी, बर्फ, सगळं. "सरबत फार गोडही नव्हतं हो," असंही बोलून गेलो. ते कोणाच्या बचावासाठी, देव जाणे.

"बर्फ होता?" ताईंनी विचारलं.

"भरपूर."

"इंजिन चालू होतं?"

"चालू होतं."

"मग पंपाला काही झालेलं नाही. तापलेल्या लोखंडावर बर्फ पडला, हेड तडकलं. रांगत रांगत चालवल्यावर वाफ येणारच, जुनी गाडी आहे. आता फक्त हेड बदलायचं आणि पोटातली साखर धुवायची." मग चंदूकडे वळून, "रविवारी दुपारपर्यंत होईल. हे काल दुपारीच येऊन सांगितलं असतं तर कालच सुरू केलं असतं."

चंदू माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता शिव्या. तो म्हणाला, "बावीस वर्षं झाली गाडी घेऊन. आजपर्यंत कोणी तिला सरबत विचारलं नव्हतं!" आणि पोट धरून हसायला लागला. हसता हसता घरी फोन लावला. "आये, सरबत गावला!... गाडीच्या पोटात!" पलीकडून रमाबाईंनी जे सांगितलं ते मला ऐकवलं गेलं नाही, पण त्यात माझं नाव तीनदा होतं.

आता हेड आणायचं कुठून? कंपनीने हे इंजिन काढणं बंद करून जमाना झाला. तासाभरात चंदूने ओळखीतून 'अगदी तेच' एक नवंकोरं हेड रिक्षात घालून आणलं. ताईंनी जुन्या हेडखालचं गॅस्केट काढलं, म्हणजे पातळ पत्र्यासारखी ती भोकाभोकांची जाळी. पुसून नव्या हेडवर ठेवलं. वीस भोकं भोकांवर आली. एकविसावं बुजलं.

"हे नाही."

"अहो ताई, एकाच भोकाने काय होतं?"

"पाणी अडतं. चंदूभाऊ, बेंजोची एक तार तुटली तर?"

"वाजवतो की मी उरलेल्यांवर!"

"इंजिन वाजवत नाही."

मग ताईंनी शिडी लावून माळ्यावरून एक जुनं हेड उतरवलं. एका मोडीत गेलेल्या पिकअपचं, पोत्यात गुंडाळून ठेवलेलं. लटकवून स्पॅनरने ठोकलं. "टण्ण्" असा देवळातल्यासारखा स्वच्छ आवाज आला. तडकलेलं ठोकलं तर "टप्प". गॅस्केट ठेवलं. एकवीसच्या एकवीस भोकं. चंदूने तिथल्या तिथे हात जोडले.

फक्त त्याच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे झडपांच्या, बैठकी घासायला हव्या होत्या. व्हॉल्व्हवर पेस्ट लावायची, त्याला रबरी टोकाची काठी चिकटवायची आणि ती दोन तळव्यांत ताक घुसळल्यासारखी फिरवत राहायची. आठ व्हॉल्व्ह. ताईंनी दोन्ही ढोलकीवाल्यांना बोलावलं. हात तयारीचे. दोघे शनिवारी सकाळी बसले, आणि पाच मिनिटांत घर्र-घुर्र-घर्रघर्र असा ठेका धरला. मागून चंदूने चुटक्या सुरू केल्या.

"ठेका नको," ताई न बघता म्हणाल्या. "एकसारखं फिरवा."

"ताई, एकसारखं फिरवलं तर झोप येते," एक ढोलकीवाला म्हणाला.

"येऊ दे. हात थांबायला नको."

माझ्या वाट्याला रेडिएटर आला. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालायचा, हलवायचं, ओतायचं. प्रत्येक वेळी ताई वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कोकम." सातव्या वेळी म्हणाल्या, "जिरं." अकराव्या वेळी काहीच म्हणाल्या नाहीत. मला विम्याच्या ऑफिसातल्या बढतीचाही इतका आनंद झाला नव्हता.

रविवारी सकाळी हेड बसलं. बोल्ट आवळायचीही पद्धत असते: आधी मधले, मग त्यांच्या शेजारचे, कोपऱ्यातले शेवटी. आणि एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. घाई केली की हेड वाकतं. ताई एकेक बोल्ट आवळत होत्या, आणि घरून मयूर हळदीच्या अंगाने फोनवर फोन करत होता. चंदू त्याला सांगत होता, "दुसरी फेरी चालू आहे रे, तू तुझ्या फेऱ्यांचं बघ!"

दीड वाजता ताईंनी चावी फिरवली. गाडी खोकली, शिंकली आणि धडधडायला लागली. ढोलकीवाल्यांनी गाळ्यातच असा दणका उडवला, की समोरचा केशकर्तनालयवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन बाहेर आला.

पण खरी परीक्षा वरातीची. गाडी पळते तेव्हा वाऱ्याने गार राहते. वरातीत ती पावला-पावलाने जाते. भोईवाड्यापासून लालबागच्या हॉलपर्यंत दोन तास. ताईंना आमंत्रण होतं. त्या मोरपंखी साडी नेसून आल्या, पायात मात्र खेळाडूंचे बूट. आणि पाहुण्यांत न मिसळता ड्रायव्हरच्या खिडकीला धरून चालायला लागल्या. डोळे तापमानाच्या काट्यावर.

नाक्यावर मयूरच्या मामाने रस्त्यात लोळण घेऊन नाच सुरू केला. वरात थांबली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काटा सरकायला लागला. रस्ताभर दोनशे माणसं नाचत होती, आणि चौघंच काटा बघत होतो: ड्रायव्हर, ताई, मी आणि चंदू. चंदूची बोटं बेंजोवर झरझर फिरत होती, मान मात्र काचेकडे वळलेली. काटा लालच्या अलीकडे आला. चंदूचा सूर चुकला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. ताईंनी हात वर केला: थांबा. वाजवणं थांबलं, आणि आत रेडिएटरचा पंखा घरघरायला लागला. काटा थरथरला, थबकला, आणि हळूच मागे फिरला.

"वाजवा," ताई म्हणाल्या.

मग चंदूने जे वाजवलं! मामा उठून पुन्हा लोळला. रमाबाई शालू खोचून स्पीकरपुढे फुगडी घालायला लागल्या. मीही नाचलो. मला नाचता येत नाही, पण त्या दिवशी कोणी तक्रार केली नाही.

हॉलच्या दारात गाडी उभी राहिली. मयूर घोड्यावरून उतरला तो आधी बापाच्या गळ्यात पडला. चंदूने डोळे पुसले आणि बॉनेटवर हळदी-कुंकू लावलं. रमाबाईंनी ताईंची ओटी भरली.

मी घामाने निथळत ताईंपाशी गेलो. फार भरून आलं होतं. म्हटलं, "ताई, कमाल केलीत हो! आता हे हेड किती वर्षं टिकेल?"

ताईंनी ओटीतला नारळ सावरत बॉनेट बंद केलं. "तुम्ही लांब राहाल तितकी."