टोपीसाठी होसकोट्यात कवायत

एकोणीसशे साठच्या दशकात मला निवृत्त फौजींच्या जुन्या टोप्या जमवायचं खूळ लागलं. माझी बायको सुशीला म्हणायची, "परक्याच्या घामाचा वास आपल्या कपाटात कशाला?" तरी ती माझ्याबरोबर बंगळूरला आली, कारण तिचा भाऊ जयनगरला राहायचा. होसकोट्यात एका म्हाताऱ्या सुभेदारांकडे पहिल्या महायुद्धातली टोपी आहे, ही बातमी त्यानंच कळवली होती.

पुण्याहून रेल्वेनं जाणार असाल तर पांढरे कपडे घालू नका. हुबळी येईपर्यंत इंजिनाच्या कोळशानं मी इतका काळवंडलो की मेव्हण्यानं आधी सुशीलेला ओळखलं, मग मला.

पहिल्या दिवशी कँटोन्मेंटातला जुना बाजार पालथा घातला. एका दुकानदारानं कर्नलसाहेबांची म्हणून दाखवलेली टोपी सरळसरळ बँडवाल्याची होती. तसं म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "कर्नल के शादी का बँड था, साब."

दुसऱ्या दिवशी सेट डोसा खाऊन मी आणि सुशीलेनं होसकोट्याची बस धरली. उजवीकडच्या खिडकीत बसू नका, सकाळभर ऊन तोंडावर येतं.

सुभेदार मूळचे निपाणीकडचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "अंगणात उभं ऱ्हावा."

मी पोट आत घेऊन उभा राहिलो. "अबाऊट टर्न" म्हटल्यावर फिरलो तो थेट त्यांच्या म्हशीसमोर. कुंपणापाशी शेजारी जमले होते, ते हसले.

"तुम्ही टोप्या जमवा," सुभेदार म्हणाले, "घालू नका."

सगळ्यात जास्त सुशीला हसत होती. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "बाई, तुम्ही या."

सुशीला मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिनं पदर खोचला. सुभेदारांचा पहिला हुकूम जेमतेम ऐकू आला. ती खाडकन वळली तसा दुसरा मोठ्यानं आला, आणि तिसऱ्याला झाडावरचे कावळे उडाले. म्हातारा ताठ होत गेला. शेजारी हसायचे थांबले.

सुभेदारांच्या पत्नी, अक्का, कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "मुलगा लढाईत गेला, तवापासनं ह्यांचा आवाज घरात ऐकला न्हवता. स्वल्प थांबा, थांबवू नका त्यांना."

मी कशाला थांबवतोय? सुशीला घामाघूम होईपर्यंत कवायत चालली. मग सुभेदार आत गेले आणि टोपी घेऊन आले. इराकातल्या बसऱ्याच्या उन्हानं तिचा रंग पार उडाला होता. त्यांनी ती दोन्ही हातांनी सुशीलेला दिली आणि तिला सलाम ठोकला. मी पाकिटाकडे हात नेला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हात खिशातच राहिला.

परतीच्या गाडीत टोपी तिच्या मांडीवर होती. "माझ्या पिशवीत ठेवू का?" मी विचारलं.

"नको. मला मिळालीय."

घरी माझ्या कपाटात पुष्कळ टोप्या आहेत. त्या कुणाच्या डोक्यावर होत्या, मला माहीत नाही. ही एकच अशी की तिच्या मालकाचा आवाज आम्ही ऐकलाय. ती सुशीलेच्या कपाटात असते. सुशीला मला अजूनही तिला हात लावू देत नाही, आणि मीही फार आग्रह करत नाही.