तान्ह्या पोळ्याचा बैल

मालगुजाराच्या अंगणात माझ्या गळ्यात दावं बांधलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि खदाखदा हसत होतो.

तान्हा पोळा होता. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून ओळीनं उभे करतात आणि मालगुजार एकेकाला बोजारा, म्हणजे खाऊ, देतो. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, सरकारनं कधीच बंद केली होती. देवळीजवळच्या आमच्या गावाला कोणी कळवलं नव्हतं. मालगुजाराच्या पोराचा बैल एवढा मोठा, की खऱ्या बैलानं वाट सोडावी. माझ्याकडे बैलच नव्हता.

पण अंग होतं. माझा अंगठा मागे वळून मनगटाला टेकायचा. कोपरं उलटी जायची. दोन्ही पाय मानेमागे अडकवून मी भाकर खायचो. माझी कीर्ती वर्धा नदी ओलांडून यवतमाळात पोचली आहे, असं मीच सगळ्यांना सांगायचो. साप माझ्याकडे शिकवणीला येतात, असंही.

"बैल नाई आणला का रे रब्बर?" मालगुजारानं विचारलं.

"नाई, मालक."

"मंग तूच हो."

नागपूरचे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. मी मातीत बसलो. पाय मानेमागे घेतले. डोक्यावर पायाची बोटं.

"शिंगं पाहा, शिंगं!" कोणी तरी ओरडलं.

मी दोन्ही हातांवर अंग उचललं आणि हंबरलो. असा हंबरलो, की गोठ्यातल्या गाईंनी उत्तर दिलं. मालगुजाराच्या पोरानं दावं ओढलं. खट् वाजलं. उजवा खांदा जागेवरून निघाला. ते वाजणंही लोकांना खेळातलंच वाटलं. टाळ्या.

मी रडलो नाही. आणखी एकदा हंबरलो. हे लिहिताना आजही कान तापतात.

कामवाल्या बायांच्या घोळक्यात माय उभी होती. मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं म्हणून तीही हसली. मग मला गोठ्यामागे नेलं, पदर दातात धरला आणि एका झटक्यात खांदा बसवला. तिला हे कुठून येतं, मी विचारलं नाही.

खांदा मग केव्हाही निघू लागला. सदरा घालताना. झोपेत कूस बदलताना. पेन धरलं की बोटं मागे पडायची. गुरुजी म्हणायचे, आळशी. शेवटी माय मला वर्ध्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी अंगठा वळवला, कोपरं, गुडघे पाहिले.

"पाय मानेमागं घेऊन दाखवू?" मी विचारलं.

"नको. सांधे बांधून ठेवणारे पट्टेच तुझे ढिले आहेत. जन्मापासून. ही कला नाही, बाळा. जितकं दाखवशील तितकं अंग बिघडेल."

माझ्याकडे तेवढंच होतं. तेही दुखणं निघालं. लाजेनं मी टेबलाखाली पाहत बसलो.

मग त्या मायकडे वळल्या. "तुमचा अंगठा बघू."

"माहा कायले, बाई?"

मायचा अंगठा अलगद मनगटाला टेकला.

कापूस वेचताना तिचं मनगट सुजायचं. चिंधी बांधून ती मागे राहायची आणि मुकादम तिला साऱ्या वावरासमोर कामचोर म्हणायचा. ती आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

"मले वाटे, माहं अंगच आळशी हाय," ती म्हणाली.

गावात आल्यावर तिनं हे मालकीणबाईंना सांगितलं. हलकं काम मिळावं म्हणून. काम मिळालं नाही. गोष्ट मात्र मालकाच्या घरभर झाली.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला मालगुजारानं हाक मारली. "चाल रब्बर, शिंगं काढ."

"नाई, मालक. डॉक्टरीणबाईनं मना केलं."

"अबे, पाहुणे वाट पाहून राह्यले!" मग त्यानं बायांकडे पाहिलं. "राहू दे. याच्या मायचंबी अंग तसंच हाय म्हणते. ये वो इकडं. दाखव बरं."

अंगण हसलं. माय पुढे आली. तिनं हात लुगड्याला पुसला. नीट पुसला. आणि पाहुण्यांसमोर धरून डाव्या हातानं अंगठा मागे लोटू लागली.

वर्षभर मला लाज वाटत होती, पण कशाची ते त्या क्षणी कळलं. मी धावलो. तिचा अंगठा मुठीत दाबून धरला.

"दाखवणार नाई," मी म्हटलं. मी, गाईंना बोलतं करणारा. आवाज चिमणीएवढा निघाला. पुन्हा म्हटलं. "माही माय दाखवणार नाई."

"काऊन रे?" मालगुजार उठला. "उद्यापासून माह्या वावरात येजो नोको. दोघंबी."

"नाई येत."

माय "माफ करा, मालक" म्हणत हात सोडवत होती. मी मूठ उघडली नाही. तसेच फाटकाबाहेर पडलो.

"आता खाऊ काय रे, पोट्ट्या?" वाटेत तिनं विचारलं. त्या हंगामात ती लांबच्या गावी वेचणीला गेली. मनगट तिथंही सुजलंच.

आज माझ्या पोरीचे सांधे तसेच आहेत. संमेलनात हिला काहीतरी करून दाखवू द्या, असा शाळेतून निरोप आला. मी जाऊन सांगितलं, हिचं अंग पाहायचं असेल तर आधी डॉक्टर व्हा. घरी येऊन पोरीला समोर बसवलं आणि म्हटलं, अंगठा दाखव. तिनं हसत हात पुढे केला. मी तो मिटवला. पुन्हा मागितला. पुन्हा मिटवला. ती माझ्या डोळ्यांत पाहून 'नाई' म्हणेपर्यंत मी उठलो नाही.

टाळ्यांसाठी अंग द्यायचं नाही. बापानं मागितलं तरी नाही.