शेजारच्या खुर्चीचा आकडा

मी डीएमएलटी केलेली, अकरा वर्षं लॅब टेक्निशियन आहे. रक्तात दिसतं तेवढंच खरं, असं मानणारी. आई दाराला लिंबू-मिरची बांधायची तेव्हा मी तिची थट्टा करायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण दीड वर्ष मनात ठेवलंय.

मी थेरगावला राहते. आमची हेल्थ चेकअपची व्हॅन चाकण एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये जाते. व्हॅनमध्ये जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन असतं – बोटातून एक थेंब घ्यायचा, चार मिनिटांत पांढऱ्या पेशींचा आकडा स्क्रीनवर. नॉर्मल म्हणजे चार ते अकरा, हजारांत. रोज सकाळी कंट्रोल लिक्विडने मशीन तपासलं की मी माझ्या बोटाचाही थेंब लावायचे. तसा नियम नव्हता, सवय होती. माझा आकडा कायम सहाच्या आसपास.

आमचे ड्रायव्हर सोपानकाका माण गावचे, साठीला आलेले. सुईला इतके घाबरायचे की स्वतःची तपासणी दरवर्षी टाळायचे. "मला काय धाड भरलीय?" म्हणायचे. पण त्या सुमारास ते सकाळी, कामगार यायच्या आधी, माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसायला लागले. चहा प्यायचे, बोलायचे मात्र फारसे नाहीत.

त्याच दिवसांत एका सकाळी माझा आकडा आला १९.४. मी हादरले. लगेच लॅबमध्ये जाऊन शिरेतून रक्त दिलं – ६.१. मग आठवडाभर थेंब लावलाच नाही; लावला तेव्हा पुन्हा तेच, या वेळी २३.१. सर्व्हिस इंजिनिअर येऊन गेला. "मशीन ओके आहे मॅडम. तुम्ही बोट नीट पुसत नसाल," म्हणाला. मीही तेच धरून चालले.

आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा थेंब लावला. आलं २८.६.

काका चहाचा कप टाकायला आणि गाडीच्या काचा पुसायला खाली उतरले होते, तेवढ्यात मी दुसरं बोट टोचलं. ६.२. ते परत येऊन बसले. का कोण जाणे, मी तिसरं बोट टोचलं... २८.६.

मी स्क्रीनकडे पाहिलं, मग काकांकडे. चेहरा पांढरा पडलेला. हातावर निळसर डाग. रोज शेजारी बसत होते, आणि मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

"काका, बोट द्या."

वाटलं, नेहमीसारखं टाळतील. त्यांनी निमूट हात पुढे केला. "घे."

डोळे मिटून बसले. मी चार मिनिटं मोजत राहिले.

२८.६.

"लई हाय का?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

"हो काका. आजच हॉस्पिटलला जायचं."

"बरं."

ब्लड कॅन्सर निघाला, झपाट्याने वाढणारा. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन आठवडे आधी आले असते तर..." माझा पहिला आकडा येऊन तीनच आठवडे झाले होते. दोन महिन्यांत काका गेले.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, सॅम्पलची अदलाबदल झाली असेल. पण सर, काकांचं बोट टोचण्याआधी त्यांचं सॅम्पल होतंच कुठे?

दहाव्यानंतर मी माणला गेले. मशीनचं काही बोलले नाही – सांगणार तरी कसं? काकूच म्हणाल्या, "त्यांना आधीपासून वाटत व्हतं, अंगात कायतरी हाय म्हून. मी म्हनायची, त्या पोरीला सांगा की. तर म्हनायचे, धीर न्हाई व्हत. रोज तिच्याजवळ जाऊन बसतो, तिला कळंल आपोआप."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तुला कवा कळलं गं?" काकूंनी विचारलं.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "हॉस्पिटलला नेलं, त्याच दिवशी."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू लगीच नेलंस, बाई. तुझं उपकार हायेत."