कारणाचा रकाना

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या माझ्या दुकानात, जीन्सच्या चेनचा नवा खोका उघडत होतो. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या तिच्या शेजारीणबाई बोलत होत्या... "दादा, ताई सकाळी उठल्याच नाहीत हो." लिहायचंच ठरवलंय तर खरं लिहितो. रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता तिला सांगावं लागणार नाही, हा पहिला विचार मनात आला. सख्खी बहीण गेली आणि भावाला हे सुचलं! दीड महिना झाला, त्याची लाज काही कमी होत नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तिची सगळी नोकरी गेली. माप चुकलेल्या जॉबला, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या भागाला, ती लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर दोन रकाने, दोष आणि कारण, आणि खाली दोन सह्या, एक तपासणाऱ्याची, दुसरी ते पडताळून बघणाऱ्याची. कारणाचा रकाना कोरा ठेवलेली चिठ्ठी ती तोंडावर परत करायची. "दोष कुणालाही दिसतो रे, कारण शोधायला बूड टेकून बसावं लागतं," म्हणायची. निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. भात करपला तरी तिच्या घरात चौकशी समिती बसायची.

माझ्या केतकीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलेजनं सगळ्या मुलांची गणिताची चाचणी ठेवली. पास-नापास काही नाही, फक्त कुणाला कुठून शिकवायचं ते ठरवायला. कच्च्या मुलांना आधी सहा महिने पायाभूत वर्ग, बाकीचे थेट मुख्य वर्गात. महिनाभर आधी ताईनं केतकीला बदलापूरला बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी पंचवीस गणितं पुढ्यात टाकली. "येत नसेल तिथं 'येत नाही' लिहायचं. अंदाजपंचे ठोकायचं नाही." केतकीची अकरा बरोबर आली. पोरगी रडवेली झाली, ताई मात्र खूश. "अकरा पक्की आहेत आणि चौदा कुठं अडतात ते कळलं. अर्धं काम झालं की गं!" महिन्याअखेर अकराची सतरा झाली, आणि ती सतरा केतकीची स्वतःची होती. "पायाभूत वर्गात बसली तर बसली," ताई मला म्हणाली, "पाया कच्चा ठेवून वर चढवू नकोस तिला."

मला मात्र त्या वर्गाची लाज वाटत होती. नातेवाइकांत काय सांगू, पोरगी कच्च्यांत बसते? चाचणी घरून, कॉम्प्युटरवर द्यायची होती. शेजारचे सिंधी दुकानदार लछूभाई म्हणाले, "साईं, घर बैठे टेस्ट है, कौन देखने आ रहा है? सब करते हैं." त्यांचा इंजिनीअर पुतण्या उत्तरं सांगायला फोनवर बसला आणि मी केतकीच्या शेजारी. प्रत्येक प्रश्नाखाली एक बटण होतं, 'अजून शिकले नाही'. केतकीचा हात दोनदा तिकडे गेला, दोन्ही वेळा मी अडवला.

"बाबा, आत्याला काय सांगायचं?"

"मार्क सांगायचे."

पोरगी मुख्य वर्गात गेली. ताईनं सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

दोन महिन्यांत केतकीला वर्गातलं काही कळेनासं झालं. गणितात नापास, पुन्हा बसली, पुन्हा नापास. शेवटी इंजिनीअरिंग सोडलं आणि आत्याकडे जाणंही. ताई एकदा माझ्याकडे जेवायला आली होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, "मन्या, माझंच शिकवणं कुठंतरी कमी पडलं रे." तेव्हा सांगायला हवं होतं. "जाऊ दे ना ताई, आमटी घे," एवढंच म्हणालो. त्यानंतर वर्षभर ती भेटेल तेव्हा हेच विचारायची आणि मी तेच उत्तर द्यायचो... अशा वेळी माझी जीभ फार मऊ असते.

तेराव्यानंतर केतकीला घेऊन तिची खोली आवरायला गेलो. टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली एक वही होती. तीच पंचवीस गणितं, थरथरत्या अक्षरात, एकेक तीन-तीन तऱ्हांनी समजावलेलं. शेवटच्या पानाला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचलेली. दोष: केतकी गणितात नापास. कारण: शिकवणारी. खाली तिची सही. दुसऱ्या सहीची जागा कोरी.

केतकी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "बाबा, हे खोटं आहे," म्हणाली.

मी पेन काढलं. 'शिकवणारी' खोडून तिथं माझं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या रकान्यात खरं लिहीत होतो आणि त्याचंही मला थोडं बरं वाटलं, असा मी माणूस. मग दुसऱ्या सहीसाठी चिठ्ठी केतकीपुढे धरली. तिनं पेन घेतलं नाही.

"आत्या होती तेव्हा लिहायचं होतं," ती म्हणाली आणि कपाट आवरायला लागली.

चिठ्ठी अजून त्या टेबलावरच आहे, चष्म्याच्या डबीखाली. दुसरी सही झालेली नाही.