बसऱ्याची पड

आमच्या गावात ओढ्याच्या वरच्या अंगाला एक खाचर आहे, त्याला सगळे बसऱ्याची पड म्हणतात. बसरा हे समुद्रापलीकडचं शहर आहे, हे मला इंग्रजी शाळेत नकाशा पाहिल्यावर कळलं. मागच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात त्या खाचराचा धनी फौजेतून बसऱ्याला गेला आणि तिकडेच वारला. मागे राहिलेल्या त्याच्या बायकोनं एक पावसाळा कसाबसा काढला, मग बैल विकले आणि माहेरी निघून गेली. तेव्हापासून त्या खाचरात गवताशिवाय काही उगवलेलं नाही.

मी आता पुण्याला कॉलेजात शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी लिहिलेलं वाचून बरं-वाईट सांगणारं घरी कुणी नाही. हेही मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. पण इतिहासाच्या पेपरात महायुद्धांची कारणं आणि परिणाम लिहिताना दर वेळी मला वहिनी आठवतात, आणि पेपरात त्यांना कुठे बसवावं ते कळत नाही. म्हणून इथे लिहितो.

आई-वडील आम्ही लहान असतानाच गेले. घरात दादा, वहिनी आणि मी. या वेळचं युद्ध सुरू झालं आणि भोरच्या बाजारात भरतीवाले येऊ लागले. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी दादा भरती झाला. एवढ्याशा भातावर दोघा भावांचं भागणार नाही, एकानं शिकावं आणि एकानं फौजेत जावं, असा त्याचा हिशेब. जाताना त्यानं वहिनींना एकच गोष्ट बजावली, काही झालं तरी याचं शिक्षण मोडायचं नाही. मला वाटतं, त्यानं हे मला सांगितलं असतं तर मी ते मोडलं असतं. त्यानं ते वहिनींना सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी कॉलेजातून सुट्टीला घरी आलो तो कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागे भट्टी बसवलेली. चढ आला की उतारू खाली उतरत आणि ड्रायव्हर भट्टी ढोसत बसे. नसरापूरला उतरून घरापर्यंत चालत गेलो, तेव्हा माझं तोंड पाहून वहिनी म्हणाल्या, कालिजात कोळसा पाडायला शिकवतात काय. घरात रॉकेल नव्हतं. वहिनी करंजाच्या तेलाची पणती लावत.

संध्याकाळी वहिनी चुलीशी भाकरी थापत आणि मी समोर बसून कॉलेजात शिकलेलं सांगत असे. मागचं युद्ध का झालं, हे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. एका राजपुत्राला गोळी घातली, मग एका देशानं दुसऱ्यावर चाल केली, मग त्यांचे दोस्त आपापल्या बाजूनं उतरले. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् आपल्या वरच्या खाचरातला गडी, त्यो कुणाचा दोस्त व्हता?"

मग मी या युद्धाचं कारण सांगितलं. मागच्या वेळी जे हरले त्यांचा मुलूख तोडून घेतला, त्यांच्यावर दंड बसवला, त्याचा डूख त्यांनी धरला. वहिनी म्हणाल्या, म्हणजे बांध कोरला. मी म्हणालो, हो, तसंच काहीसं, पण ते इतकं सोपं नाही. त्या म्हणाल्या, बांधाचं भांडण तरी कुठं सोपं असतंय. आमचं दोघांचंही उत्तर अपुरं होतं असं मला अजून वाटतं, पण त्या विचारत राहत आणि मला पुस्तक पुन्हा उघडावं लागे. आमच्या वर्गात इतकं नेटानं विचारणारं कुणी नव्हतं.

खरी काळजी वेगळीच होती. आमच्याकडे भाताची चिखलणी इर्जिकीनं होते. सगळे गडी आपापलं औत घेऊन एकेका घरच्या खाचरात उतरतात, एका दिवसात चिखल करून देतात आणि त्या घरी जेवतात. दुसऱ्या दिवशी पुढचं घर. ज्यानं दुसऱ्याकडे औत धरलं त्याच्याकडे इर्जिक येते, ज्यानं धरलं नाही त्याच्याकडे येत नाही. लावणीला बायका आपापल्या गड्यांमागून येतात, दिवसभर चिखलात वाकून रोप लावतात, पण इर्जिकीत त्या मोजत नाहीत. गडी मोजतात. गड्यांची पंगत आधी बसते, बायका मागून जेवतात. बाईनं औत धरायचं तर नावच नाही, ते अशुभ मानतात. बसऱ्याला गेलेल्याच्या घरी म्हणूनच इर्जिक गेली नव्हती. कुणी वाईट वागलं असं नाही. घरात गडी नव्हता, एवढंच.

दादा गेल्याच्या पहिल्या वर्षी वहिनींच्या भावानं येऊन औत धरलं होतं. या वर्षी तोही भरती झाला. बैल होते, रोप टाकलेलं होतं, औत धरायला माणूस नव्हता. लावणीच्या दिवसांत कॉलेज सुरू असतं. मी मनाशी ठरवलं, कॉलेज सोडायचं. वहिनींना तसं सांगितलंही. त्यांनी फक्त माझी वळकटी बांधून दाराशी ठेवली.

मृग लागल्यावर इर्जिकीच्या पाळ्या लावायला गाव देवळात जमलं. पाळ्या लावायचं काम आबांचं. आबा म्हणजे गावकीतले सर्वांत वयस्क, बसऱ्याला गेलेल्याचे वाटणी होऊन वेगळे झालेले थोरले भाऊ. आमच्या घराचं नाव आलं तसा मी उठलो. आमच्या घरचा गडी या वर्षी, एवढंच बोललो असेन, तोच पायऱ्यांच्या खालून वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी कालिजात जाणार हायती. आमच्या घरची इर्जिक म्या फेडनार."

देवळात बायका बोलत नाहीत. मग एक जण हसून म्हणाला, आता बाई औत धरणार काय, पाऊस पळून जाईल. वहिनी डोक्यावरचा पदर सावरून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं ते असं. औत धरणार नाही. आमची बैलजोडी ज्याला लागेल त्यानं न्यावी. माझ्याकडे जितके गडी येतील तितके दिवस मी त्यांच्या खाचरात लावणी करीन. फक्त ती इर्जिकीत मोजा. त्यांच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या, त्यांचेही नवरे लढाईवर. त्या जागच्या हलल्या नाहीत.

कुणीतरी म्हणालं, मग गड्याच्या एका दिवसाला बाईचे दोन दिवस धरा.

"मंग निम्मंच रोप लावते," वहिनी म्हणाल्या, "निम्म्या खाचरात तुमी गवत कापा."

यावर मागे बसलेले काही जण हसले. हसणाऱ्याला पुढच्यानं दटावलं. एकाला खरंच भीती वाटली असावी. तो म्हणाला, आज हिची मोजली तर उद्या आमच्या घरच्या बायकाही मोजा म्हणतील. त्यावर वहिनी म्हणाल्या, त्ये तुमी घरी जाऊन मिटवा.

आबा मात्र हसले नाहीत. बाईची मोजणी आजवर झालेली नाही, एवढंच ते सांगत राहिले. तेव्हा वहिनींनी आवाज खाली आणला. मी पायऱ्यांजवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"आबा, बसऱ्याची पड येकच पुरं हाय गावाला."

आबा गुडघ्यावर हात ठेवून ओढ्याकडे पाहत राहिले. देवळातून ते खाचर दिसत नाही, मधे आंब्याची झाडं आहेत, तरी ते त्याच बाजूला पाहत होते. मग त्यांनी पाळी सांगितली. आमचं घर दुसरं, इतर दोघींची घरं त्याच्यामागून.

"येका गड्याला येक बाई," ते म्हणाले. "म्या मोजनार."

दुसऱ्या दिवशी मी वळकटी उचलली.

लावणीच्या दिवसांत सुट्टी मिळाली तेव्हा मी घरी आलो. आमची खाचरं लावून झाली होती. वहिनी घरी नव्हत्या. त्यांना शोधत गेलो तर देवळात सगळ्यात मोठ्यानं हसलेल्या माणसाच्या खाचरात इरलं पांघरून वाकलेल्या दिसल्या. सगळ्या बायकांच्या ओळीत त्या पुढे होत्या. रोपाची मूठ सोडवायची, चिमटीनं रोपं चिखलात खोवायची, एक पाऊल मागे. मी बांधावरून हाक मारली तर वर न पाहताच विचारलं, परीक्षा कधी हाय.

दुपारी त्या घरी जेवण होतं. आबांनी गड्यांच्या पंगतीत एक पान मांडायला लावलं आणि वहिनींना बोलावलं. त्या उंबऱ्याबाहेर थबकल्या. हे त्यांनी मागितलेलं नव्हतं. मोजली ती पहिल्या पंगतीत, आबा म्हणाले. वहिनी आत आल्या, पानावर बसल्या, आणि बाहेर बायकांना वाढून होईपर्यंत भाताला हात लावला नाही. शेजारचे गडी मग संकोचानं हळू हळू जेवू लागले. मी तेव्हा दाराशी उभा होतो. माझ्या मनात जे आलं ते मला अजून लिहिता येत नाही. इतिहासात मोठी माणसं बरीच येतात, पण वागणं जवळून पाहिलेलं मोठं माणूस माझ्या माहितीत हे एकच.

दादा युद्ध संपल्यावर परत आला. आफ्रिका आणि इटली पाहून आला, पण डाव्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही. कुणी विचारलं तर तिकडचं थोडं सांगतो आणि विषय बदलतो. ते युद्ध का झालं, हे त्यानं मला एकदाही विचारलं नाही.

यंदाच्या लावणीला मी शेवटच्या वर्षात होतो, दोन दिवसांसाठी आलो. त्या दिवशी इर्जिक शेजाऱ्याकडे होती, दादानं आमचं औत धरलं होतं. मला वाटलं, आता घरात गडी आहे, वहिनींची मोजणी थांबेल. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, त्या बायकांबरोबर बाहेरच्या बाजूला पाय धुवत होत्या. पंगत बसली. दादा आपल्या पानावर बसला होता. आबा आता काठी टेकत चालतात. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि वाढप्याला म्हणाले, "ह्यांच्या घरची दोन पानं."

दादा त्यांच्या उजवीकडे होता, डावा कान आबांकडे. त्याला काही ऐकू आलं नाही. वाढप्यानं त्याच्या शेजारी पत्रावळ टाकली तेव्हा तो तिच्याकडे पाहत राहिला, मग दारातून आत येणाऱ्या वहिनींकडे. मला वाटलं आता काहीतरी विचारेल.

तो थोडा सरकून बसला.