साडूंचं नाक आणि ओकचं पिंप

नाकाच्या भरवशावर आयुष्य काढलेला आमच्या थोरल्या साडूंसारखा दुसरा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. बाजारात ते कापूससुद्धा आधी हुंगत, मग हातात घेत. माझ्या लग्नात मला कडकडून मिठी मारली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, फक्त डोक्याचं तेल बदलाले सांगजो."

दारव्ह्याजवळ, चहूकडे कपाशी आणि सोयाबीन असताना, या गृहस्थांनी लाल वाइनची काळी द्राक्षं लावली. वेलींवरचे निम्मे घड कोवळेपणीच तोडून टाकले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं गावाने जाहीर केलं. "घड कमी, तर रस दमदार," साडू म्हणाले. उन्हं चढायच्या आत तोडणी, मग रस सालींसकट आंबवायचा, वर आलेला चोथा पुन्हापुन्हा खाली दाबायचा, हे सगळं ते बारशाच्या उत्साहाने करत. शेवटी वाइन वर्षभर तळघरात, ओकच्या पिंपात. सागाच्या जिल्ह्यात परदेशी लाकूड आणलं म्हणून गावचा सुतार अजून त्यांच्याशी बोलत नाही.

उन्हाळ्यात पिंपातली पातळी उतरू लागली आणि साडूंना चोरीचा संशय आला. रोज सकाळी एकेक गडी त्यांच्यापुढे तोंड उघडून उभा. मी पाहुणा गेलो, तर चहाआधी मलाही हुकूम झाला, "साडू असले म्हणून का झालं? आ करा!" पुढे एका अनुभवी वाइनवाल्याने फोनवर समजावलं, की पिंपाच्या लाकडातून वाइन थोडीथोडी उडतेच, वरून भर घालत राहायची. साडूंनी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. "लाकूडच बेवडं निघालं, बापा!"

यंदा पिंप उघडायच्या तोंडावर त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो परत आलाच नाही. आणि वाइन बाटलीत भरायची की अजून मुरू द्यायची, हे तर ते नाकानेच ठरवणार होते. तळघरात पेला नाकाशी धरून ते कितीतरी वेळ उभे होते. "पाणीच वाटून राह्यलं मले," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मग अक्का, म्हणजे त्यांची बायको, पायऱ्या उतरून आल्या. दारूच्या नावानेही तोंड फिरवणारी ही बाई या तळघरात कधी आली नव्हती. त्यांनी पेला हातात घेऊन नाकाशी नेला.

"जांभूळ," त्या म्हणाल्या. "अन् जरासा करपलेला गूळ."

"आंबूस तं नाही ना?"

"नाही वो. थांबा, अजून काहीतरी हाय."

साडूंनी डोळे मिटले.

"हळूहळू सांग," ते म्हणाले. "मी घेऊन राह्यलो."