पठार पडीक नव्हतं

ऑफिसात तिला सगळे नकाशाताई म्हणत. ऐन विशीत ती शाई आणि पट्टी घेऊन नियोजन खात्यात लागली. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीच्या दोघांनी सरळ निवृत्ती घेतली. हिने मात्र हट्टाने नवं काम शिकून घेतलं.

त्या वर्षी अख्ख्या प्रदेशाचा नवा नकाशा करायचा होता. शेती कुठे, वस्ती कुठे, जंगल कुठे. उपग्रहाच्या चित्रावरून कॉम्प्युटर प्रत्येक तुकड्याला रंग द्यायचा आणि ती तपासायची. पूर्वेचं मोठं पठार सरसकट करडं आलं, म्हणजे पडीक. तिथे गोदामं बांधायचं जवळजवळ ठरलंच होतं.

पण पठारावर तिला पुसट रेघा दिसल्या. चित्र मोठं केलं, तर रेघा चहूबाजूंनी येऊन एका खळग्याशी मिळत होत्या. पायवाटा!

"साहेब, पडीक जागेवर इतकं चालतं कोण?"

साहेबांनी मानही वर केली नाही. "ताई, मुदत डोक्यावर आलीय. शंका नंतर काढा."

रविवारी तिने नवऱ्याला स्कूटर काढायला लावली. नवरा शिंपी, सुट्टीच्या झोपेचा पक्का. "लोकांच्या बायका बाजारात नेतात, माझी माळरानावर," असं पुटपुटत का होईना, तो निघाला.

पाऊस नुकताच सरला होता. पठारावर गुडघाभर गवत, गवतात मेंढ्या आणि खळग्यात काठोकाठ पाणी. तिथे एक मेंढपाळ बाई भेटली.

"सरकारी कागदावर ही जागा पडीक आहे," नकाशाताई म्हणाली.

बाई कमरेवर हात ठेवून हसली. "कोण म्हणतं? त्याला आणून सोडा आमच्या कळपात! पाऊस झाला की आम्ही येतो, गवत संपलं की उतरतो. माझ्या सासूची सासूसुद्धा इथेच मेंढ्या राखायची."

नकाशाताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उपग्रहाचं ते चित्र भर उन्हाळ्यातलं होतं!

तिने गेल्या काही वर्षांची, प्रत्येक महिन्याची चित्रं मिळवली, एकावर एक बसवली आणि साहेबांना एकामागून एक दाखवली. पठार हिरवं व्हायचं, पिवळं पडायचं, पुन्हा हिरवं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "परत दाखवा." दोनदा पाहून म्हणाले, "चुकत होतो मी. नकाशा मंजुरीच्या बैठकीत तुम्हीच बोला."

बैठकीत तिचा आवाज खणखणीत लागला. चित्रं संपली तशी एका सभासदाने विचारलं, "मग गोदामं काय हवेत बांधायची?"

"नाही हो, हमरस्त्याला लागून बंद गिरण्या आहेत ना," ती म्हणाली. "ती जागा बाराही महिने एकाच रंगाची आहे. तिथे उगवतं ते फक्त गंज!"

सभागृह हसलं, आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या. गोदामं गिरण्यांकडे गेली. पठाराला नकाशावर स्वतःचा रंग मिळाला, 'हंगामी कुरण'. शिवाय, एकाच ऋतूचं चित्र बघून कुठलीही जमीन पडीक ठरवायची नाही, असा नियमच झाला.

बाहेर साहेबांनी स्वतः चहाचा कप तिच्या हातात दिला. तो घेऊन ती व्हरांड्यातल्या बाकावर टेकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत सुटली, "मंजूर झालं! ऐकलंत का? मंजूर झालं!"